वाचनाचा क्रम कोणी ठरवायचा?



कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांवर बोलणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. त्या विषयांवर मी वर्षाचे तीनशे दिवस बोलतो, आणि ऐकणाऱ्यांना त्याचा कंटाळा आला तरी मला येत नाही. परंतु वसंतातल्या या सायंकाळी आपण गेट-सभेला आलेला नाहीत. म्हणून चालकांनी मला विषयाची मोकळीक दिली तेव्हा मी अगदी निराळाच विषय घेतला. एखादी कथामालिका पंधरा-वीस पुस्तकांपर्यंत फैलावलेली असेल, तर ती कोणत्या क्रमाने वाचावी, आणि तो क्रम कोणी ठरवावा, हा तो विषय होय. त्यातही मी विज्ञानकथेची मालिका घेणार आहे, कारण हा पसारा त्या क्षेत्रात फार आहे.

आपण म्हणाल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पुस्तक हाती येईल तसे वाचावे! ज्याला शाळा-महाविद्यालयात क्रमाने शिकायला मिळाले त्याने असे म्हणावे, त्याला शोभते. त्याच्यासाठी कोणीतरी अभ्यासक्रम आखलेला होता. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते ग्रंथालयाच्या बाकावर आणि लोकलच्या डब्यात. आपल्यापैकी पुष्कळांचे असेच असेल. अशा माणसाला आधी काय आणि मग काय हे सांगणारा कोणी नसतो. पुस्तकापेक्षा पुस्तकांचा क्रम हीच त्याची खरी अडचण असते. आमच्या युनियनच्या कचेरीत येणारी तरुण मंडळी पूर्वी पगाराची चिठ्ठी पुढे करीत. आता त्यांतला एखादा मोबाइलवर पुस्तकांची यादी दाखवतो आणि विचारतो, ‘साहेब, ही ‘फाउंडेशन’ची पुस्तके इतकी आहेत, सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न मला बोनसच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो. कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माणसाचा वेळ.

वेळेचा हिशेब आपण जरा मांडून पाहू. डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्या माणसाचा एका बाजूचा प्रवास एक-सव्वा तासाचा. गर्दी, उभे राहणे, मधले पेंगणे वजा जाता त्याची दिवसाला वीस पाने वाचून होतात असे धरू. सहा दिवसांची एकशेवीस पाने झाली. मी ज्या मालिकेविषयी बोलणार आहे तिची पुस्तके पंधरा. सरासरी साडेतीनशे पाने धरली तर ५,२५० पाने होतात. म्हणजे चव्वेचाळीस आठवडे, सुमारे दहा महिने! इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचणाऱ्याला हेच काम दीड-दोन वर्षे पुरेल. आयुष्यातली दोन वर्षे ज्या कामाला द्यायची, ते कोठून सुरू करावे याचा विचार करायचा नाही काय?

आणि हा वेळ आपल्याला कोणी फुकट दिलेला नाही. आपल्या या ठाण्यातच १८४८ साली नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्यांवर साडेपाच हजार सह्या गोळा केल्या. त्यांत आठवड्याच्या एका सुट्टीची मागणी होती. ती मिळायला सहा वर्षे लागली. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी सुरू झाली. आज आपण रविवारी दुपारी पाय पसरून जे पुस्तक वाचतो, त्या दुपारची किंमत कोणीतरी आधी चुकवून ठेवलेली आहे. ती दुपार प्रकाशकाच्या जाहिरातीच्या स्वाधीन करणे मला बरे वाटत नाही.

पुस्तके मात्र आपल्याला दुर्मिळ नाहीत. ठाण्याचे नगर वाचन मंदिर १८५० सालचे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली आली, म्हणजे या गावात वाचनालय आगगाडीच्या आधी आले! कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली निघाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. आणि डोंबिवलीने तर २०१७ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवले. तेव्हा आपल्या भागात उणीव आहे ती पुस्तकांची नव्हे. कमतरता आहे ती वेळेची आणि क्रमाची.

आता मुख्य विषयाकडे वळू. लांब मालिका वाचण्याचे ढोबळ मानाने तीन क्रम सांगतात. पहिला, पुस्तके ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली तो. दुसरा, कथेतल्या घटना ज्या काळक्रमाने घडल्या तो. म्हणजे आजोबांची गोष्ट आधी आणि नातवाची मागून, मग आजोबांची गोष्ट लेखकाने म्हातारपणी का लिहिलेली असेना! तिसरा क्रम वाचकाच्या गरजेचा, त्याच्या मनात जो प्रश्न आहे त्याच्या सोयीचा. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिला क्रम नोकरीला लागल्याच्या तारखेचा आणि दुसरा जन्मतारखेचा. कारखान्यात सेवाज्येष्ठता लागल्याच्या तारखेवरून धरतात, वयावरून नव्हे. कारण कोणाच्या मागून कोण आले आणि कोणाकडून काय शिकले, हे त्यावरून कळते. पुस्तकांचेही पुष्कळसे असेच आहे. मागून लिहिलेले पुस्तक आधीच्या पुस्तकांच्या खांद्यावर उभे असते, त्यातली घटना कितीही जुनी असो.

याचे एक जुने उदाहरण देतो. ज्यूल्स व्हर्न हा फ्रेंच कादंबरीकार आपल्याला परका नाही. भा. रा. भागवतांनी त्याला मराठी मुलांच्या घरात आणून बसवले. ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावे माझ्या पिढीतल्या कित्येकांना पाठ असतील. या व्हर्नने ‘असाधारण प्रवास’ या एकाच मथळ्याखाली पन्नासांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत, पण तीन आहेत. कॅप्टन ग्रँटच्या मुलांची कथा १८६७-६८ सालची, पाणबुडीतल्या कॅप्टन नेमोची कथा १८७० सालची, आणि ‘रहस्यमय बेट’ १८७५ सालचे. पहिल्या दोन्ही कथांचे धागे तिसरीत येऊन मिळतात. आता गंमत अशी की, कथेतल्या तारखा लावायला बसावे तर त्या जुळतच नाहीत. पाणबुडीची कथा १८६६ ते १८६८ या काळात घडते, आणि ‘रहस्यमय बेटा’त नेमो १८६८ सालीच वृद्ध होऊन मरतो, वर ती पाणबुडीची हकीकत कितीतरी वर्षांपूर्वीची म्हणून सांगतो! घटनाक्रमाने वाचणाऱ्याने येथे डोके फोडून घ्यावे.

ज्यांना या कादंबऱ्या अजून वाचायच्या आहेत त्यांनी पुढची चार वाक्ये ऐकू नयेत. हा नेमो कोण, हे १८७० च्या पुस्तकात सांगितलेलेच नाही. व्हर्नच्या मनात तो रशियाविरुद्ध लढलेला पोलंडचा सरदार होता. पण रशियन गिऱ्हाईक दुखावेल म्हणून प्रकाशकाने ते चालू दिले नाही. पाच वर्षांनी वाचकाला कळते की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, १८५७ च्या युद्धात इंग्रजांशी लढलेला आणि सर्वस्व गमावून समुद्राखाली गेलेला! ज्याने प्रसिद्धीच्या क्रमाने वाचले, तो पहिल्या पुस्तकात नेमोच्या क्रोधाला घाबरतो, आणि दुसऱ्यात त्याला त्या क्रोधाचे कारण समजते. ज्याने ‘रहस्यमय बेट’ आधी वाचले त्याला कारण आधीच ठाऊक असते, म्हणून भीती कधी वाटतच नाही. न घाबरता मिळालेली सहानुभूती फार स्वस्त असते. संपावर गेलेल्या माणसाचा राग लोकांना आधी दिसतो आणि त्याचे कारण मागून कळते, कधी कधी कळतही नाही. तो मागून कळण्याचा अनुभव पुस्तकात एकदा घेतलेला असला, तर रस्त्यात राग दिसल्यावर माणूस कारण विचारायला थांबतो. वाचनाचा क्रम हा नुसत्या करमणुकीचा प्रश्न नव्हे, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता मोठ्या मालिकेकडे येतो. आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह १९२० साली रशियात जन्मला आणि तीन वर्षांचा असताना आई-बापांबरोबर अमेरिकेत आला. बापाचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गोळ्या-मिठाईचे लहानसे दुकान होते. तेथे विकायला ठेवलेली मासिके आणि गावातले सार्वजनिक वाचनालय, ही त्या मुलाची शाळेबाहेरची शाळा. पुढे तो रसायनशास्त्राचा डॉक्टर झाला ही गोष्ट वेगळी. १ ऑगस्ट १९४१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो भुयारी रेल्वेने एका मासिकाच्या संपादकाकडे निघाला होता. संपादकाचे नाव जॉन कॅम्बेल. हातात सांगायला गोष्ट नव्हती, आणि गाडीतच त्याला एक कल्पना सुचली: रोमन साम्राज्य कोसळले तसे सबंध आकाशगंगेचे साम्राज्य कोसळत आहे, असे दाखवले तर? लोकलच्या प्रवासाला कोणी वाया गेलेला वेळ म्हणेल, तर त्याला हे उदाहरण सांगावे.

१९४२ पासून १९५० पर्यंत या कल्पनेवर त्याने मासिकात आठ कथा लिहिल्या. त्यांची तीन पुस्तके झाली: ‘फाउंडेशन’ १९५१, ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ १९५२ आणि ‘सेकंड फाउंडेशन’ १९५३. मग जवळजवळ तीस वर्षे खंड पडला. वाचक आणि प्रकाशक पाठीस लागले तेव्हा १९८२ साली चौथे पुस्तक आले, १९८६ साली पाचवे. त्यानंतर लेखक मागे वळला. १९८८ साली त्याने पहिल्या पुस्तकाच्या आधीची कथा लिहिली, आणि त्याच धाग्यातले शेवटचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९९३ साली निघाले. दरम्यान त्याने आपल्या यंत्रमानवांच्या कथा आणि साम्राज्याच्या उदयाच्या तीन जुन्या कादंबऱ्याही याच वंशावळीत गुंफून टाकल्या. अशी ही पंधरा पुस्तके झाली. पुढे इतर तीन लेखकांनी आणखी तीन लिहिली, आणि २०२१ पासून तिची दूरदर्शन-मालिकाही आली. वडिलोपार्जित चाळीला प्रत्येक पिढीने एकेक खोली वाढवावी आणि शेवटी मूळ दरवाजा कोठे होता हेच नवख्याला सापडू नये, तशी ही रचना आहे.

लेखकाने १९८८ च्या पुस्तकात स्वतः एक यादी दिली आहे. ती घटनाक्रमाची आहे: आधी यंत्रमानव, मग साम्राज्य, मग फाउंडेशन. ती सुचवण्याच्या सुरात आहे, आज्ञेच्या नव्हे. तरीही पुष्कळ लोक ती प्रमाण मानतात. लेखकाचा शब्द का मानू नये, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, घर बांधणाऱ्याला सगळ्या खोल्या ठाऊक असतात, म्हणून त्याला दरवाजाची आठवण राहत नाही. पहिल्यांदा आत येणाऱ्या पाहुण्याची अडचण पाहुण्यालाच कळते.

परंतु माझा खरा मुद्दा याहून खोल आहे, त्यासाठी कथेचा गाभा थोडा सांगावा लागेल. हॅरी सेल्डन नावाचा गणिती मानवसमूहांचे एक शास्त्र बनवतो. एका माणसाचे पुढे काय होईल हे ते सांगू शकत नाही, पण अब्जावधींच्या समूहाचे सांगू शकते. भांड्यातल्या वायूचा एकेक कण कोठे जाईल हे कळत नाही, पण सबंध वायूचा दाब कळतो, तसे हे आहे. त्याला दिसते की साम्राज्य पडणार आणि पुढे तीस हजार वर्षे अंधार माजणार. तो अशी योजना आखतो की तो अंधार एक हजार वर्षांवर यावा. त्यासाठी आकाशगंगेच्या टोकाला एक वसाहत वसवतो. मात्र या शास्त्राची एक अट आहे: ज्या लोकांविषयी भाकीत केले, त्यांना ते ठाऊक असता कामा नये. म्हणून वसाहतीतल्या लोकांना सांगितले जाते की तुम्ही ज्ञानकोश तयार करायला येथे आला आहात. पन्नास वर्षांनी त्यांना कळते की ते काम खरे काम नव्हतेच.

येथे माझ्यातला युनियनवाला जागा होतो. ज्यांच्या जिवावर योजना चालते त्यांच्यापासूनच योजना लपवलेली! त्यांचे भले होणार असेलही, पण त्यांना विचारले कोणी? संघटनेत आम्ही याच्या नेमके उलट शिकवतो. मागणीपत्र सभेत वाचून दाखवल्याखेरीज व्यवस्थापनाकडे जात नाही, आणि कराराचा मसुदा सभासदांच्या मंजुरीवाचून सही होत नाही. निदान तसे होऊ नये. नेत्याला पुढचे दिसते म्हणून त्याने इतरांना अंधारात ठेवावे, हे कितीही सद्हेतूने केले तरी शेवटी माणसाला वायूचा कण समजणेच आहे.

आता क्रमाचा परिणाम पाहा. आपण १९५१ च्या पुस्तकापासून सुरुवात केली तर आपण त्या वसाहतीतल्या लोकांबरोबर राहतो. संकट आले म्हणजे त्यांच्यासारखेच आपण चाचपडतो. योजना आहे एवढी चाहूल असते, पण योजना काय हे कळत नाही. आणि जेव्हा कळते तेव्हा त्यांच्याइतकाच आपल्यालाही धक्का बसतो. उलट, १९८८ चे पुस्तक आधी घेतले तर आपण पहिल्या पानापासून योजनाकाराच्या शेजारी जाऊन बसतो. तो चांगला माणूस आहे, त्याच्या अडचणी खऱ्या आहेत, आपल्याला त्याचा लळा लागतो. मग पुढे ती वसाहत आपल्याला वरून, साहेबांच्या केबिनच्या काचेतून दिसते. खाली माणसे धावपळ करीत आहेत आणि आपल्याला सारे आधीच माहीत आहे! कथा तीच, माणसे तीच, पण आपली बसण्याची जागा बदलली. म्हणून मी प्रत्येक नव्या वाचकाला सांगतो, पहिल्या खेपेस खालून वाचा. केबिनमध्ये नंतर खुशाल जा. दुसऱ्या वाचनाला घटनाक्रम उत्तम, कारण तेव्हा आपण दोन्ही जागा पाहिलेल्या असतात.

याला एक मजेदार पुरवणी आहे. १९५१ च्या पुस्तकातले पहिले प्रकरण, ज्यात सेल्डन प्रथम भेटतो, ते आठ कथांनंतर, खास पुस्तकासाठी लिहिलेले आहे. म्हणजे ज्याला आपण पहिले पान म्हणतो ते लेखकाने सर्वांत शेवटी लिहिले! आणि दुसरी गोष्ट अशी. योजना फारच बिनचूक चालू लागली तेव्हा कॅम्बेलने हट्ट धरला की आता ती मोडून दाखव. लेखकाला ते रुचले नव्हते. पण त्यातूनच, ज्याचे भाकीत कोणत्याही गणिताला करता आले नाही असे एक पात्र १९४५ साली जन्माला आले, आणि माझ्या मते मालिकेतला सर्वांत जिवंत भाग तोच झाला. तो कोण ते मी सांगणार नाही. प्रसिद्धीच्या क्रमाने गेलात तर तो आपल्याला योग्य वेळी भेटेल.

मात्र प्रसिद्धीचा क्रम म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. मी तिसरा क्रम सांगितला, गरजेचा. माझ्या स्वतःच्या वहीत या मालिकेचे पहिले पुस्तक ‘फाउंडेशन’ नाहीच. तेथे ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’, म्हणजे ‘पोलादाच्या गुहा’, ही १९५४ ची कादंबरी आहे. वरवर ती खुनाच्या तपासाची गोष्ट. पण तिच्यातल्या पोलीस कचेरीत आरंभीच दिसते की, निरोप पोचवणाऱ्या एका पोराची नोकरी गेली आणि त्या जागी हसतमुख यंत्रमानव आला. नायकाच्या बापाचीही नोकरी त्याच्या लहानपणी गेलेली. ते घर कसे खाली घसरले याची आठवण त्याला कधी सोडत नाही. आणि अशा या नायकाला तपासात जोडीदार म्हणून मिळतो तो यंत्रमानवच! वागळे इस्टेटीत, डोंबिवलीच्या एमआयडीसीत ज्यांनी ‘मशीन आत, माणूस बाहेर’ हा अनुभव घेतला, त्यांना ही कथा परग्रहावरची वाटणार नाही. आता तर कचेरीतले टंकलेखन, हिशेब, भाषांतर ही कामेही यंत्र करू लागले आहे, त्यामुळे पांढरपेशा मंडळींनीही ती वाचावी. यंत्राचा द्वेष न करता त्याच्याशी कोणत्या अटींवर सहकार्य करायचे, हा प्रश्न त्या कादंबरीने सत्तर वर्षांपूर्वी मांडला. माझ्या कामाला तो लागतो, म्हणून माझा क्रम तेथून सुरू होतो. शिक्षकाचा, परिचारिकेचा, बँकेतल्या कारकुनाचा क्रम वेगळा असू शकेल; तो त्यांनी स्वतः ठरवावा.

तो ठरवताना काही गोष्टी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे, सगळे वाचायचेच अशी शपथ घेऊ नये. एका पुस्तकाची वर्गणी भरून पाहावी. ते आवडले तर पुढचे. मालिकेचा मूळ गाभा कोणता आणि मागून केलेली भर कोणती हे आधी विचारून घ्यावे. या मालिकेत गाभा तीन पुस्तकांचा आहे. ती वाचून थांबलात तरी आपण अर्धवट राहिलात असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. १९६६ साली ‘सर्वकालीन उत्तम मालिका’ म्हणून तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला तो या तीन पुस्तकांच्याच बळावर. थांबण्याचा हक्क हा वाचकाचा मूलभूत हक्क आहे, आणि संच पूर्ण करण्याची हौस पुष्कळदा आपली नसून विक्रेत्याची असते.

दुसरी गोष्ट, पंधरा पुस्तके विकत घेऊन कपाट भरण्याआधी ग्रंथालयात जावे. न वाचलेल्या पुस्तकांचा हप्ता पगारातून कापला जात असेल, तर ते वाचन नव्हे, कर्ज आहे. आणि ग्रंथालयात पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहावे. एकाने लिहिले तर विसरले जाते, दहा जणांनी लिहिले तर खरेदी होते. संघटनेचे हे साधे तत्त्व तेथेही चालते.

तिसरी गोष्ट, वही ठेवावी. पुस्तकाचे नाव, ते मूळ कधी निघाले ते साल, आणि वाचून मनात उरलेला एक प्रश्न, एवढेच लिहावे. पाच-सहा पुस्तकांनंतर ते प्रश्नच सांगू लागतात की पुढे काय वाचायचे. यादी इतरांकडून घ्यावी, पण क्रम या प्रश्नांकडून घ्यावा.

चौथी गोष्ट, परदेशी मालिकेच्या मध्ये मराठी पुस्तके पेरावीत. आपल्याकडे अशी पंधरा खंडांची गुंफलेली विज्ञानकथा रूढ झाली नाही. आपली विज्ञानकथा दिवाळी अंकांतून आणि कथासंग्रहांतून विखुरलेली आहे, म्हणून तिचा क्रम तर वाचकानेच लावावा लागतो. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ साली तिच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि मग कळले की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर, नावाची आद्याक्षरे उलटी करून आलेले! बक्षीस कथेला मिळावे, कीर्तीला नव्हे, हा त्यामागचा हेतू. मला त्याचे फार कौतुक वाटते. २०२५ साली ते गेले. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही १९५७ ची कादंबरी आणि मग नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, असा गुरुशिष्यांचा क्रम लावून पाहा. शास्त्रज्ञ गोष्ट सांगू लागला म्हणजे काय होते, हे दोन देशांत आणि दोन भाषांत दिसते. त्याच ओळीत बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर येतात. लोंढ्यांचे ‘दुसरा आइन्स्टाईन’ ज्यांनी वाचले नसेल त्यांचा मला हेवा वाटतो, कारण त्यांचे ते वाचणे अजून शिल्लक आहे.

आणि पाचवी गोष्ट, जमेल तर दोघा-चौघांनी मिळून वाचावे. एकाने प्रसिद्धीच्या क्रमाने, दुसऱ्याने घटनाक्रमाने. महिन्याने भेटावे आणि सेल्डन बरोबर की चूक यावर भांडावे. मी आपल्याला खात्रीने सांगतो, खालून वाचलेला आणि वरून वाचलेला यांची मते निराळी निघतील, आणि ते का निराळे निघाले हे शोधताना दोघेही शहाणे होतील.

शेवटी एका आक्षेपाचे उत्तर देतो. आमचेच काही सहकारी म्हणतात, कामगाराने कायदा वाचावा, अर्थशास्त्र वाचावे. आकाशगंगेच्या गोष्टी त्याच्या काय कामाच्या? कायदा वाचावाच. पण कायद्यात फक्त आज काय आहे ते लिहिलेले असते. आठ तासांचा दिवस ही गोष्ट १८८६ साली शिकागोचे कामगार रस्त्यावर आले तेव्हा बहुतेक मालकांना कल्पित कादंबरीच वाटत होती. लोखंड्यांनी १८८४ साली रविवार मागितला तेव्हा तोही पुष्कळांना हास्यास्पद वाटला असेल. जे अजून नाही त्याचे चित्र मनात स्पष्ट उभे करता येणे, ही मागणीपत्र लिहिणाऱ्याची पहिली पात्रता आहे. ती कमावण्याची जी काही ठिकाणे आहेत, त्यांत विज्ञानकथा एक आहे.

पुढच्या हजार वर्षांची योजना आपल्यासाठी कोणी गणिती आखीत असेल तर आखो. पुढच्या दहा महिन्यांच्या वाचनाची योजना मात्र आपली आपण आखू शकतो, ती उघड्या वहीत लिहू शकतो आणि पटली नाही तर आपल्याच सहीने बदलू शकतो. एवढे स्वराज्य तरी आपण कोणाच्या हाती देऊ नये, अशी विनंती करतो.